आत्याबाईंची दोन दारांची शेड

माझी योजना अकरा मिनिटांची होती. अंदाजपंचे नाही, घड्याळ लावून तालीम केली होती, एका पायाने पाळणा हलवत. तीन मिनिटं माझं भाषण, पाच मिनिटं लोकांनी दारातला आगीचा बंब बघायचा, दोन मिनिटं हळहळायचं, एक मिनिट हात वर करायचे. ठराव मंजूर. दहाची सभा, साडेदहाला मी घरी, लेकीच्या दुसऱ्या झोपेच्या आत.

प्रत्यक्षात घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. केसांना जळक्या कापडाचा वास येत होता, पायात एकच चप्पल होती आणि टेकडीवरचा निम्मा रस्ता आमच्यामुळे बंद होता. लेक आत्ता झोपली आहे. ती उठायच्या आत सगळं सांगून टाकते.

मी गावसमितीच्या कचेरीत परवान्याच्या टेबलावर बसते. कुणाला घर बांधायचं असो, खोली वाढवायची असो की कोंबड्यांचं खुराडं, नकाशा आधी माझ्याकडे येतो. तर गेल्या पाच वर्षांत माझ्या टेबलावर एवढे नकाशे आले, की साठ घरांचं गाव बघता बघता चारशे घरांचं झालं. टेकडीवर तर अख्खी वसाहत उभी राहिली. घरं वाढली, माणसं वाढली, गॅसच्या टाक्या वाढल्या. बंब मात्र तोच राहिला. एक.

त्या बंबाला गावात सगळे आत्याबाई म्हणतात. कारण सोपं आहे. वर्षातून एखाद-दोनदाच यायची, पण आली की अख्ख्या गल्लीला कळायचं. माझ्या जन्माच्या आधीपासून ती गावाच्या अग्निशमन पथकात आहे आणि पथक म्हणजे तीन माणसं, तिघंही बिनपगारी. पथकप्रमुख माझे बाबा, ज्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. पाइप धरायला शिंपीकाका. आणि हातघंटा वाजवत लोकांना उठवायला पोस्टमनकाका, कारण गावातलं प्रत्येक दार त्यांना पाठ.

माझं लहानपण आत्याबाईंच्या शेडमध्ये गेलं. डिझेल, ओलं कॅनव्हास आणि बाबांचा साबण, या तिन्हींचा मिळून एक वास असतो, तो मला आजही रस्त्यात कुठे आला तर पाय थांबतात. दर रविवारी सकाळी गाडी चालू करून बघायचा नेम होता. मी बाबा आणि पोस्टमनकाकांच्या मध्ये बसायची. पुढच्या दाराने बाहेर पडायचं, पाणी मारून बघायचं आणि मग थेट शेडमध्ये परत न जाता तळ्याला वळसा, शाळेवरून, बाजारातून, अख्ख्या गावाला फेरी घालून मागच्या गल्लीने मागच्या दारातून आत. मी विचारायची, "बाबा, इतक्या लांबून का?"

"ही फेरी खास तुझ्यासाठी, माऊ," बाबा म्हणायचे.

वर्गातल्या कुणाचे वडील मुलीसाठी गावभर बंब फिरवत नसत. माझी मान तेव्हा ताठ झाली, ती थेट लग्नापर्यंत ताठच होती.

तर मुद्द्यावर येते. वरच्या कचेरीतून पत्र आलं. पथक चालवायचं तर गावाने स्वतःचं उत्पन्न दाखवावं, महिनाअखेरीपर्यंत. नाही दाखवलं तर पथक बंद, बंब लिलावात. त्यानंतर आग लागली तर शहरातून गाडी मागवायची. ती दीड तासात येते. दीड तासात काय उरतं ते बाबांना विचारा.

उपाय मीच काढला. नवीन बांधकामावर अग्निशमन फी! ज्याला नवीन छप्पर घालायचंय त्याने चौरस मीटरमागे थोडे पैसे द्यायचे. घरं वाढली म्हणून तर पथकावरचा भार वाढला, मग वाढणाऱ्या घरांनीच तो उचलावा. यात चूक काय? नियमाचा मसुदा मी लेकीच्या झोपेत लिहिला, चार दुपारी, चार तुकड्यांत. "छप्पर असलेले प्रत्येक नवीन बांधकाम" ही ओळ सुचली तेव्हा तर मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली होती.

विरोध कोण करणार तेही ठाऊक होतं. टेकडीवरची वसाहत बांधणारे शेठ. त्यांना सगळे टेकडीशेठ म्हणतात. ते माझ्या टेबलावर येऊन सांगूनच गेले होते. "ताई, फी तुम्ही माझ्यावर लावणार, मी ती घरावर लावणार, आणि घर घेणारा शिव्या मला घालणार. शिवाय आग लागलीच नाही तर? पैसे परत का?"

म्हणून सभेच्या दारात आत्याबाईंना उभं करायचं ठरवलं. कारण आत्याबाईंची अवस्था बघवत नव्हती. रंग उडालेला, एक आरसा सुतळीने बांधलेला, पाइप बारा ठिकाणी गळका. चालू करताना अशी खोकायची की झाडावरचे कावळे उडायचे. लोकांनी नुसतं बघितलं असतं तरी हात आपोआप वर गेले असते.

बुधवारी मी बाबांना फोन केला. खरं म्हणजे सांगायला हवं होतं, "बाबा, गाडी पार मोडकळीला आली आहे, तशीच आणा." पण एकतीस वर्षं ज्या माणसाने त्या गाडीला लेकीसारखं सांभाळलं, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी एवढंच म्हणाले, "बाबा, शनिवारी आत्याबाईंना कचेरीसमोर आणून उभं करा. सगळ्या गावाला दाखवायची आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "सगळ्या गावाला?"

"सगळ्या."

"बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या "बरं"मध्ये काय काय होतं, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण त्याच आठवड्यात लेकीला दात येत होते. बुधवार ते शनिवार मी शेडकडे फिरकले नाही. इशारे मात्र घरबसल्या मिळत होते. गुरुवारी बाबा येऊन नातीला दोन मिनिटं खेळवून गेले आणि ते गेल्यावर तिच्या धुतलेल्या लंगोटांची अख्खी चवड गायब. शुक्रवारी नवरा दाढीला बसला तर ब्रश नाही.

"अगं, माझा ब्रश?"

"मला काय माहीत? मी दाढी करते का?"

संध्याकाळी आईचा फोन. "तुझे वडील दोन दिवस जेवायला घरी आलेले नाहीत. त्या बयेपाशीच डबा मागवतात. या वयात सवत आली माझ्या नशिबी."

मी हसले. हसले हो! तिन्ही गोष्टी समोर होत्या आणि मी बसले होते मुलीच्या हिरडीवर बोट फिरवत.

शनिवारी सभागृह गच्च भरलं. समोर अध्यक्षबाई. त्या बोलतात कमी आणि चष्म्यावरून बघतात जास्त. पहिल्या रांगेत टेकडीशेठ, पायावर पाय टाकून. मागे नवरा, कडेवर लेक. मी उठले आणि भाषण ठोकलं, बरोबर तीन मिनिटं. शेवटची वाक्यं मी खास घोटून ठेवली होती. "आपला बंब आज शेवटच्या घटका मोजतो आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

आणि मी सभागृहाचं मोठं दार उघडलं.

समोर आत्याबाई उभ्या होत्या. लालभडक. म्हणजे इतक्या लाल की पहिल्या रांगेतल्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. दोन्ही आरसे जागेवर. पितळेचा प्रत्येक नळ सोन्यासारखा घासलेला, तो माझ्या लेकीच्या लंगोटांनी. दारावर पिवळ्या अक्षरांत पथकाचं नाव, ते नवऱ्याच्या दाढीच्या ब्रशने. टपावर मोठी पितळी घंटा, जी माझ्या लहानपणी तुटून दुकानाच्या माळ्यावर पडली होती. आणि गाडीपुढे पथक उभं, तिघंही इस्त्रीच्या कपड्यांत, मधे बाबा. लग्नातल्या फोटोत नसतील इतके ताठ.

बाबांनी खूण केली. पोस्टमनकाकांनी किल्ली फिरवली. आत्याबाई पहिल्या झटक्यात चालू झाल्या. खोकल्याही नाहीत. नुसत्या गुणगुणल्या.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन मिनिटं हळहळ ठेवली होती, ती सगळी टाळ्यांत गेली.

टेकडीशेठ सावकाश उठले. "ताई, ही शेवटच्या घटका मोजतेय? हिच्यापुढे माझी गाडी भंगार दिसते."

म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही. बाबांना डोळ्यांनी खुणावत विचारलं, "पथकप्रमुख, ब्रेकचं काय? ब्रेक लागत नाहीत ना?"

"ब्रेक?" बाबा दुखावले. "जागच्या जागी उभी राहते."

"पण पाइप गळतो. बारा ठिकाणी गळतो."

शिंपीकाका पुढे आले. "गळायचा. बाराही ठिकाणी शिवलाय. दुहेरी टाका, वर मेणाचा हात. एक थेंब बाहेर आला तर कात्री खाली ठेवीन."

"पण बाबा, गाडी तर चाळीस वर्षांची..."

"बेचाळीस," बाबा अभिमानाने म्हणाले. "आणखी बेचाळीस चालेल."

मागून माझ्या लेकीने टाळी वाजवली. ती नुकतीच टाळ्या वाजवायला शिकली होती. मुहूर्त बघा.

"मग ठरलं," टेकडीशेठ म्हणाले. "फीची गरजच काय? पण मी सरळ माणूस आहे. शेडपासून माझ्या वसाहतीपर्यंत ही गाडी दहा मिनिटांत पोचली आणि आग विझवून दाखवली, तर फी नको. नाही पोचली, तर पहिली पावती माझ्या नावाने फाडा. वर पिंपात गवत पेटवून ठेवायला सांगतो."

मी म्हणणार होते की असं पैजेवर ठराव होत नाहीत. पण बाबा आधीच बोलून गेले, "दहा कशाला? आठ."

मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. त्यांनी हात झटकला. डास चावला असेल असं वाटलं त्यांना.

अध्यक्षबाई चष्म्यावरून म्हणाल्या, "सभा संपलेली नाही. फक्त वर चालली आहे."

बाबांनी दार उघडून मला विचारलं, "येतेस?"

मला रागवायचं होतं, खरंच. पण तो वास आला. आणि मधली जागा तीच होती, सीटवर माझ्याच सुईने पडलेलं भोकही तसंच. मी बसले. आता दोघांच्या मध्ये मावत नव्हते, पोस्टमनकाका दाराला चिकटले. त्यांनी घंटेची दोरी माझ्या हातात दिली. "वाजव. तुझंच काम होतं हे."

आम्ही तळ्यावरून गेलो, शाळेवरून गेलो. दुकानदार बाहेर आले, खिडक्या उघडल्या, मागे सायकली आणि स्कूटर. मी घंटा वाजवत होते, मी नऊ वर्षांची होते आणि माझ्याच योजनेचा बट्ट्याबोळ करायला मी स्वतः निघाले होते, हे दीड मैलभर माझ्या लक्षातही आलं नाही.

टेकडीचा चढ आत्याबाईंनी दुसऱ्या गिअरमध्ये काढला. बाबांनी घड्याळ बघितलं. "साडेसहा मिनिटं," ते म्हणाले, आणि वळण घेतलं.

वळणावर कमान होती.

ही कमान महिन्यापूर्वीच झाली होती. वर प्लास्टरचे दोन हंस, चोचीला चोच लावलेले. बाबांनी ती बघितली होती, मनात मापही घेतलं होतं. बंबाची उंची त्यांना बोटाबोटाने पाठ. पण ती बिनघंटेच्या बंबाची. परवा हौसेने चढवलेली घंटा त्यांच्या हिशेबात नव्हती.

आवाज असा आला, जसा शाळा सुटल्याच्या घंटेचा यायचा, फक्त शंभरपट मोठा. आत्याबाई कमानीखाली घुसल्या आणि घंटा मागे वाकून हंसांच्या पोटात रुतली. गाडी पुढे जाईना.

"मागे घ्या, बाबा."

बाबा समोर बघत राहिले.

"बाबा, रिव्हर्स."

"माऊ," ते हळूच म्हणाले, "रिव्हर्स नाही."

"नाही म्हणजे?"

"पडत नाही. कधी पडलाच नाही. शहरातून जुनी घेतली तेव्हापासून."

पोस्टमनकाका खिडकीबाहेर डोंगर बघायला लागले. एकतीस वर्षं तिघांनी हे पोटात ठेवलं होतं! आणि मी समजत होते की शेडला दोन दारं आहेत ती हवा खेळती राहावी म्हणून.

पण विचार करायला वेळ नव्हता. कमानीपलीकडे, साठ पावलांवर टेकडीशेठच्या माणसाने पिंपात गवत पेटवलं होतं. टेकडीवर वारा किती असतो ते टेकडीवरच्यांना तरी कळायला हवं. शेजारीच घर बघायला येणाऱ्यांसाठी रंगीत कापडाचा मांडव होता. एक ठिणगी उडाली. बघता बघता मांडवाची झालर पेटली, मग छत, मग शेठचा हसरा फोटो असलेली भलीमोठी पाटी. आणि पाटीच्या मागे, हातभर अंतरावर, घरांची पहिली रांग.

आता ही पैज राहिली नव्हती. दारं कमानीच्या खांबांत अडकली होती, म्हणून बाबा खिडकीतून उतरले. बासष्टाव्या वर्षी, खिडकीतून. "पाइप!" ते ओरडले. त्या दिवसात ते एकदाच ओरडले.

शिंपीकाका मागच्या स्कूटरवरून उडी मारून पाइप घेऊन धावले, पंप चालू झाला, पाणी आलं. आणि मग पहिला टाका उसवला. एक कारंजं. मग दुसरा. शिंपीकाका धावता धावता मोजत होते, "तीन... चार... अरे देवा, पाच..." सातव्या टाक्यासमोर नेमके टेकडीशेठ उभे होते. ते असे भिजले की त्यांच्या कोटाच्या बाह्यांतून पाणी ओतलं गेलं. बारावा टाका गेला तेव्हा पाइपच्या तोंडातून जे पाणी निघालं, त्याने रस्त्यातली एक तीनचाकी सायकल धुऊन निघाली. आग दहा पावलं पुढे होती.

"बादल्या!" हे मी ओरडले असेन बहुतेक, कारण घसा माझा बसला होता.

घराघरांतून बायका, पुरुष बादल्या घेऊन आले. बादल्या, पातेली, एकीने तर बाळाचा टब आणला. हंसांच्या जोडीला एक शोभेचं तळंही बांधलेलं होतं, तेच कामाला आलं. रांग लागली. माझ्या एका बाजूला अध्यक्षबाई, दुसऱ्या बाजूला तो टब घेऊन आलेली बाई, साधारण माझ्याच वयाची. पाठीला टॉवेलने बांधलेलं बाळ. ती टब पुढे द्यायची, मागे हात नेऊन बाळ चाचपायची, पुन्हा टब पुढे. मी मागे वळून नवऱ्याला शोधलं. तो लेकीला घेऊन लांब झाडाखाली उभा होता. त्याने हात हलवला. मग माझ्या हातांना जोर आला.

वीस मिनिटं लागली. मांडव गेला, खुर्च्या गेल्या, पाटीवर शेठचं अर्धं हसू तेवढं राहिलं. घरांना धग लागली, पण आग लागली नाही.

सगळे ओले, काळे, रस्त्यावरच बसले. अध्यक्षबाईंनी चष्मा पदराला पुसला. "सभा चालूच आहे. कुणाला बोलायचंय?"

टबवाली बाई उठली. आवाज मोठा नव्हता. "शेठ, ते दुसरं घर आमचं. बाळ आत झोपलं होतं. घर घेताना तुम्ही आम्हाला हंस दाखवलेत, तळं दाखवलंत. आग लागली तर कोण येणार, हे विचारायचं मलाच सुचलं नाही."

शेठ कोट पिळत राहिले.

"फी कितीये?" तिने मला विचारलं. मी सांगितली. "एवढीच? मग हा माझा हात." आणि तिने हात वर केला. तिच्यामागे वसाहत, मग गाव. शेवटी टेकडीशेठनेही केला, भिजलेली बाही ठिबकत.

"पैज मी हरलोय. पहिली पावती माझी," ते म्हणाले. "पण कमानीवर फी नाही हं. कमान दोन्ही बाजूंनी उघडी. त्याला बांधकाम कोण म्हणतं?"

मला इतका राग आला की तिथल्या तिथे पेन काढून ओल्या कागदावर मी ओळ वाढवली: "दोन्ही बाजूंनी उघडे असले तरीही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी मिळालेल्या त्या एकमेव टाळ्या. ही ओळ लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

आत्याबाईंना सोडवलं बाबांनीच. सहाही चाकांची हवा सोडली, गाडी चार बोटं खाली बसली, आणि वीस माणसांनी मागे ओढली. एकतीस वर्षांत आत्याबाई पहिल्यांदा मागे गेल्या.

लोक पांगल्यावर बाबा पायरीवर बसले होते, वाकलेली घंटा मांडीवर घेऊन. मी शेजारी बसले.

"तू नुसतं सांगायचं ना," ते म्हणाले, "की जशी आहे तशी आणा."

"कसं सांगणार होते, बाबा?"

ते घंटेवरची काजळी अंगठ्याने पुसत राहिले. "मलाही सांगता आलं नाही. रिव्हर्सचं. वाटलं, एकदा कळलं की घेऊन जातील तिला."

मग मला एकदम आठवलं. "बाबा, म्हणजे ती रविवारची फेरी... खास माझ्यासाठी..."

बाबा ओशाळले. "फेरी तर मारावीच लागायची, माऊ. मागे कशी घेणार?" मग म्हणाले, "पण तू नसलीस की मी विहिरीवरून यायचो. जवळून. तळ्यावरून फक्त तुझ्यासाठी."

मी नाक पुसलं. धुराने असेल.

या गोष्टीला सव्वा वर्ष झालं. फीतून आणि वरच्या कचेरीने घातलेल्या भरीतून नवीन बंब आला. मागे जाताना तो टूंटूं वाजतो. बाबा दर रविवारी नातीला घेऊन ते टूंटूं ऐकायला जातात. चालकाला सांगतात, "जरा मागे घे रे. अजून एकदा." टबवाल्या बाई पथकात आल्या आहेत. बाबा म्हणतात, त्यांच्यासारखी पाइप गुंडाळणारी माणसं जन्मावी लागतात.

आत्याबाईंचा लिलाव पुकारला, तेव्हा कुणीच बोली लावली नाही. मग त्या आमच्या आईच्या अंगणात आल्या. "सवत आता घरातच," आई म्हणाली आणि बाबांना गाडी पुसायला स्वतःचा जुना पदर फाडून दिला. माझी लेक दिवसभर स्टिअरिंगला लोंबकळते.

मागच्या सोमवारी कचेरीत माझ्या टेबलापुढे रांग होती. तिसऱ्या नंबरला बाबा. इस्त्रीचा शर्ट, हातात अर्ज. मी म्हटलं, "बाबा, घरी द्यायचा ना."

"रांगेत आहे मी," ते म्हणाले. नंबर आल्यावर अर्ज पुढे सरकवला. गाडी भिजू नये म्हणून अंगणात पत्र्याचं छप्पर, चार खांबांवर.

"याला काही फी नसेल, बाबा. नुसते खांब, दोन्ही बाजूंनी उघ..." आणि माझी जीभ अडकली.

"दोन्ही बाजूंनी उघडे असले तरीही," बाबांनी पाठ म्हणून दाखवलं. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

माप घ्यायला मीच गेले, टेप घेऊन, लेक कडेवर. आणि खोटं कशाला बोलू, हात जरासा आखडला. दीड हात कमी लिहिलं. मुलगीच आहे मी, काय करणार. पावती फाडली, बाबांनी चष्मा लावून वाचली आणि परत माझ्या हातात दिली.

"बंपर धरला नाहीस."

"बाबा, राहू दे ना..."

"पुढचा दीड हात. लिही." उरलेले पैसे त्यांनी माझ्या हातावर ठेवले आणि मी नवीन पावती फाडली.

तेव्हा कुठे मी अर्ज नीट वाचला. छपराला चारही बाजूंनी भिंती का नाहीत, असा एक रकाना आहे, तोही मीच घातलेला. त्यात बाबांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: "पुढून बाहेर, मागून आत. गाडी रिव्हर्स जात नाही. नातीला फेरी मारायची आहे."

आत्याबाईंचं इंजिन गेल्या पावसाळ्यातच काढून ठेवलंय. मी शिक्का मारला: मंजूर.